झोळीतला हात

करड्या गाडीकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते खांबाच्या बायकोचं.

"समोर ती गाडी कुणाची हो?" शेंगा सोलता सोलता खिडकीतून बघत तिने विचारलं. "काल होती, परवाही होती. आत एक माणूस बसलेला असतो. उतरत नाही, कुणाला हाक मारत नाही. नुसता बसून असतो."

खांब पलंगाच्या कडेला बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायच्या खटपटीत होता. "असेल कुणाचा तरी ड्रायव्हर," तो म्हणाला. पण मग उठून खिडकीशी गेला, बाहेर एक नजर टाकली आणि झटक्यात पडदा ओढून घेतला. खांद्यातून कळ गेली तशी ओठ चावून तो तिथेच उभा राहिला.

बायकोने शेंगांचं ताट बाजूला सारलं. "ड्रायव्हर नाहीये ना तो?"

"वकीलबाई म्हणाल्या होत्या, मागे माणूस लावतील म्हणून. लावलाय."

खांब हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ज्या गोदामात तो उमेदीची सगळी वर्षं राबला, तिथल्या लोकांनी ते पाडलं होतं. गोदाम काचेचं. दुकानांच्या दर्शनी काचा, मोठमोठ्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा, भिंतीएवढे आरसे, सगळं तिथे लाकडी घोड्यांना टेकवून उभं केलेलं असायचं. काच उचलायची म्हणजे एका टोकाला असा माणूस लागतो जो मध्येच शिंकणार नाही, डगमगणार नाही, पाय बदलणार नाही. तो माणूस म्हणजे हा. एकदा खाली उभा राहिला की राहिला. म्हणून खांब. पुढे गल्लीतली माणसंही त्याला खांबच म्हणायला लागली, आणि बायको रागावली की "अहो खांब" म्हणायची.

त्या घोड्यांपैकी एकीचा पाय कुजला होता. कामगारांनी सांगून झालं, मालकाने "बघू, बघू" म्हणून झालं. एका दुपारी तो पाय बसला आणि काचांची अख्खी थप्पी कलली. तिच्याखाली दोरी सोडवत वाकलेला होता बडबड्या, खांबाचा जोडीदार. त्याच्या तोंडाचा पट्टा तेव्हाही चालूच होता, त्यामुळे लाकूड करकरलं ते त्याला ऐकूच आलं नाही. खांबाने ऐकलं. त्याने विचार केला नाही, धावत जाऊन थप्पीखाली उजवा खांदा दिला आणि ओरडला, "निघ!" बडबड्या चपला तिथेच टाकून सरपटत बाहेर आला. मग खांबाच्या खांद्यात काहीतरी फाटलं आणि काचा खाली आल्या.

जीव वाचला. खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना स्वच्छ सांगितलं, "हा हात आता लहरी झालाय. एखाद्या दिवशी ऐकेल, एखाद्या दिवशी ऐकणार नाही. जड काम विसरा. पण व्यायाम सोडू नका, नाहीतर आखडून बसेल."

मालकाने गोदामाचा विमा उतरवलेला होता, तेव्हा भरपाईचा दावा गेला विमा कंपनीकडे. तिथे तो अडकला. हात खरंच निकामी झालाय की माणूस सोंग घेऊन बसलाय, याची खात्री पटल्याशिवाय ते पुढे सरकायला तयार नव्हते. खांबाने एक वकीलबाई गाठली. झेरॉक्सच्या दुकानावर तिची एवढीशी खोली होती, त्यात एक टेबल आणि फायलींचे ढीग. बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण दुखणं फोटोत येत नाही. चांगल्या दिवशी तुम्ही बादली उचलाल आणि रात्रभर तळमळाल. फोटोत बादली येईल, तळमळ येणार नाही. तेव्हा निकाल लागेपर्यंत हा हात तुम्हाला नाहीच असं समजा. घराबाहेर तर नाहीच नाही. घरातसुद्धा खिडकी बघून."

"आणि डॉक्टर व्यायाम करा म्हणतात त्याचं काय?"

"करा ना. आतल्या खोलीत करा."

नाकासमोर चालणारा माणूस तो. त्याने हात गळ्यात बांधलेल्या झोळीत घातला, आणि गाडी दिसली त्या दिवसापासून झोळी अंगावरून उतरवणं जवळजवळ सोडलंच.

घरात तिसरं माणूस होतं ते सासरेबुवा. सासूबाई गेल्यावर मुलीने त्यांना इकडे आणलं होतं. ते घड्याळजी. हात थरथरायला लागल्यावर दुकान बंद केलं, तरी डोळ्याला भिंग लावून बसल्यासारखं सगळ्या जगाकडे एक डोळा बारीक करून बघायची सवय गेली नव्हती. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे जरा अवघडच. ते अवघडलेपण म्हातारा थट्टेने झाकायचा. खांब त्यांना मामा म्हणायचा आणि ते त्याला जावईबापू.

गाडीची गोष्ट कळल्यावर त्यांची तर करमणूकच झाली. "बिचारा दिवसभर तुमच्याकडे बघत बसतो हो," ते म्हणाले. "तुमच्या लग्नात माझी मुलगीसुद्धा तुमच्याकडे इतकं बघत नव्हती." दुसऱ्या दिवशी काठी टेकत टेकत ते जिना उतरले, रस्ता ओलांडून गाडीशी गेले आणि काचेवर टकटक करून आतल्या माणसाला विचारलं, "किती वाजले हो?" त्याने गोंधळून मनगटाकडे बघितलं आणि सांगितलं. "मागे आहे तुमचं घड्याळ," असं म्हणून म्हातारा परत आला.

बायको हसून हसून बेजार झाली. खांब हसला नाही. "मामा, असं नका करू," तो म्हणाला. "तो चिडला तर काय वाटेल ते लिहून देईल."

"अहो, तो पोटासाठी बसलाय तिथे. चिडतोय कशाला?"

"तुम्हाला नाही कळायचं," खांब म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही चढला की बायकोचं हसू ओसरलं.

तेव्हापासून घरावर मळभ धरल्यासारखं झालं. गाडी रोज तिथेच असायची असंही नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. एखादा दिवस ती नसली की खांबाला वाटायचं, जागा बदलली असेल. मग कोपऱ्यावरच्या टेम्पोतला माणूस, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारा नवा भाडेकरू, दारावर झाडू विकायला आलेली बाई, कुणाचाच भरवसा वाटेना. बाजारात एका बाईची पिशवी नेमकी त्याच्या पायाशी फाटली. बटाटे चारी दिशांना घरंगळले. "दादा, जरा धरता का?" बाई अजिजीने म्हणाली. खांब तिच्याकडे बघत नुसता उभा राहिला. डावा हात तर मोकळा होता, पण तोही पुढे झाला नाही. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी वाकून बटाटे वेचले आणि जाता जाता त्याच्याकडे असं बघितलं की त्याची कानशिलं तापली. ती बाई खरीच होती की कंपनीने पाठवलेली? घरी येईपर्यंत त्याने दहादा ठरवलं आणि दहादा बदललं.

मग एकदा बडबड्या आला. दारातूनच "अरे खांबा!" म्हणून उजवा हात पुढे केला. खांब मागे सरकला.

"अरे, हात मिळवायचा नाही का? तुझ्यामुळे जिवंत आहे मी."

"हात नाहीये मला. दिसत नाही का?"

"हां, हां, विसरलोच. काय करू, जीभ आधी, डोकं मागून," बडबड्या खजील होऊन बसला. मग नेहमीसारखा सुरू झाला: गोदामात नवीन घोड्या आल्या, लोखंडी आल्या, मालक आता टोप्या घालायला लावतो, आणि परवा कुणी साहेब येऊन गेले. "तुझी चौकशी करत होते बरं का. भला माणूस वाटला. म्हणे, पूर्वी पंजा लढवायचे का हे? मी म्हटलं, लढवायचे म्हणजे काय, अख्ख्या गोदामाला लोळवायचे!"

खांबाचा चेहरा दगडासारखा झाला. "आणखी काय काय सांगून आलास?"

"अरे, चांगलंच सांगितलं की."

"किती दिले त्यांनी तुला?"

बडबड्याचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द सुचेना. चहा न घेताच तो उठला, दारात चपला घालताना एकदा वळून बघितलं आणि निघून गेला. बायको आतून येऊन म्हणाली, "तुम्ही हे काय बोललात? तो तुमच्यावर जीव टाकतो."

"कुणाचं काही सांगता येत नाही आता."

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट होत होती, आणि ती फक्त बायकोच्या लक्षात येत होती. आतल्या खोलीतला व्यायाम आधी अर्ध्यावर आला, मग कधीतरी, मग बंद. पडदा ओढलेला, दार लावलेलं, घरातलीच माणसं, तरी पाण्याचा पेला उचलायचा तर डावा हात आडवा पुढे यायचा. झोपेत कूस बदलतानासुद्धा उजवा हात छातीशी चिकटलेला. "इथे कोण बघतंय?" ती म्हणायची. "आता तरी सोडा त्याला." तो म्हणायचा, "राहू दे. सवय मोडली की बाहेर चुकून वर जाईल." तो स्वतःच्या हाताबद्दल असं बोलायचा जसं कुणी बांधून ठेवलेल्या कुत्र्याबद्दल बोलावं.

मामांचे डोळे तपासायला न्यायचे होते त्या सकाळची गोष्ट. बायको घरात आवराआवर करत होती. सासरा-जावई दोघे बाहेर पडले. घर पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या अंगाने लोखंडी जिना थेट रस्त्यावर उतरायचा, आणि त्याला कठडा एकाच बाजूला होता. म्हातारा पुढे, भिंतीच्या बाजूने, कारण कठड्याची बाजू त्याने आपण होऊन जावयाला सोडली होती. "तुम्हाला एकच हात आहे, तुम्ही धरा," तो म्हणाला होता. खांब त्याच्या एक पायरी मागे. डाव्या हातात कठडा. उजवा हात झोळीत, म्हाताऱ्याच्या बाजूला.

समोर करडी गाडी होती. आज तिची काच खाली केलेली होती.

"जावईबापू," म्हातारा थांबून मागे वळला. काहीतरी सुचलं होतं त्याला. डोळे आधीच हसत होते. "डॉक्टरने मला नवीन भिंगं दिली ना, तर पहिल्यांदा मी..."

काय करणार होता ते राहूनच गेलं. वळताना त्याची टाच पायरीच्या कडेवरून सुटली. काठी आधी गेली, खडखडत. म्हाताऱ्याने हात पुढे केला, थरथरणारा, बोटं पसरलेला, आणि ती बोटं खांबाच्या झोळीच्या कापडाला लागली. खांबाला ती लागलेली कळली. कापड किंचित ओढलं गेलेलंही कळलं. मग कापड सैल झालं.

जिन्याचा आवाज पूर्ण थांबल्यावर त्याला दिसलं की आपण अजून त्याच पायरीवर उभे आहोत. खांबासारखे.

म्हाताऱ्याजवळ सगळ्यांत आधी कोण पोचलं असेल, तर गाडीतला माणूस. दार सताड उघडं टाकून तो रस्ता ओलांडत धावला, गुडघ्यावर बसला, म्हाताऱ्याची मान हाताने सावरून धरली. किरकोळ अंगाचा, दाढीचे खुंट वाढलेला, मळका शर्ट घातलेला माणूस. खांबाने इतके दिवस मनात जो रंगवला होता त्याच्याशी त्याचं काहीच जुळत नव्हतं. "हलवू नका जास्त," तो वर बघून ओरडला. "या लवकर खाली. माझ्याच गाडीतून नेऊ."

दोघांनी मिळून म्हाताऱ्याला मागच्या सीटवर आडवं केलं. म्हणजे खरं तर त्यानेच केलं; खांब डाव्या हाताने पाय धरून होता. बायको जिन्यावरून किंचाळत आली आणि बापाचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. जागा नव्हती म्हणून पुढच्या सीटवरचा डबा, पाण्याची बाटली आणि एक काळा कॅमेरा उचलून त्या माणसाने खांबाच्या पायाशी ठेवला, आणि गाडी भरधाव काढली.

म्हातारा कण्हत होता, बायको "बाबा, बाबा" करत होती. त्या आवाजाखाली तो माणूस, रस्त्यावरची नजर न हलवता, फक्त खांबाला ऐकू जाईल इतक्या हळू बोलला.

"सुरुवातीलाच एकदा तुम्ही पडदा ओढलात. उजव्या हाताने. कॅमेरा पिशवीत होता माझा. मी ते लिहिलं नाही. जे टिपलं नाही ते कशाला लिहा."

खांबाने डावा हात झोळीवर ठेवला.

"आजचं मात्र टिपलंय," तो माणूस म्हणाला. पुढे सिग्नल लागला तसा त्याने हॉर्नवर हात दाबून धरला. "खरंच उठला नाही का हो हात?"

खांबाने पायाशी पडलेल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याला उत्तर द्यायचं होतं. पण उत्तर शोधायला तो आत गेला तेव्हा तिथे काहीच नव्हतं. हात उठला नाही, की उठू दिला नाही, हे त्याला स्वतःलाच कळेना. हॉस्पिटल येईपर्यंत त्या माणसाने पुन्हा विचारलं नाही.

म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. जीव बचावला, पण आता आपल्या पायावर उभं राहणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. "पाय घसरला, मला सावरता आलं नाही," खांबाने बायकोला सांगितलं. ती त्याच्या झोळीवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार होतात? हात असता तर सोडलं असतं का तुम्ही त्यांना?"

त्यानंतर कंपनीकडून बोलावणं आलं ते इतक्या तातडीने की वकीलबाईसुद्धा चक्रावल्या. इतके महिने ताकास तूर लागू न देणारी माणसं आता आपण होऊन तडजोडीची भाषा बोलत होती. "काहीतरी शिजतंय," त्या म्हणाल्या. "सावध राहा. तुमच्याविरुद्ध काही सापडलं असेल तर ते टेबलावर आणतील आणि म्हणतील, घ्या एवढं आणि गप्प बसा."

खांबाला माहीत होतं काय सापडलंय ते. आदल्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सांगून टाकावं का बायकोला? पण सांगायचं काय? सांगण्यासारखं काही झालं होतं का?

कंपनीच्या कचेरीत लांब टेबल होतं, खिडक्या बंद आणि गारवा असा की हातापायाला मुंग्या याव्यात. एका बाजूला खांब, बायको आणि वकीलबाई. बायकोला साक्षीदार म्हणून सही करायची होती. समोर साहेब, मऊ आवाजाचा, बोलताना टाय सारखा करणारा.

"आमच्याविरुद्ध काही पुरावा असेल तर आधी दाखवा," वकीलबाईंनी बसल्या बसल्या तोफ डागली.

"विरुद्ध?" साहेब हळहळल्यासारखं हसला. "उलट आहे, बाई. आमचा गैरसमज होता, तो आमच्याच माणसाने दूर केला. वहिनींना बघवणार नसेल तर त्या बाहेर बसू शकतात."

"बसते मी इथेच," बायको म्हणाली.

साहेबाने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. फिल्मला आवाज नव्हता. लोखंडी जिना, त्यावर दोन माणसं, सकाळचं ऊन. म्हातारा थांबतो, हसत वळतो. टाच सुटते. हात पुढे येतो. साहेबाने पेनाचं टोक पडद्यावरच्या झोळीला लावलं. "इथे बघा. हालचाल शून्य. स्वतःचे सासरे डोळ्यांदेखत पडतायत, आणि हात तसूभर हलत नाही. असं नाटक जगात कुणाला जमणार नाही. या माणसावर आम्ही संशय घेतला याबद्दल मी कंपनीच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो."

वकीलबाईंनी टेबलाखाली आवळलेली मूठ सोडली.

"पुन्हा लावता का?" बायको म्हणाली.

"वहिनी, कशाला त्रास करून घेताय..."

"लावा."

साहेबाने पुन्हा लावली. या खेपेला ती बापाकडे बघत नव्हती. झोळीकडेही नाही. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि खांबाने तिला तिकडे बघताना बघितलं, आणि मग त्यालाही पडद्याकडे बघावंच लागलं. म्हाताऱ्याचा हात पुढे येतो त्या क्षणी पडद्यावरच्या माणसाची मान वर होते. तो म्हाताऱ्याकडे बघत नाही. तो सरळ समोर बघतो, रस्त्यापलीकडे, कॅमेऱ्याच्या डोळ्यात, पडद्यातून थेट या खोलीत बसलेल्या सगळ्यांकडे. मग खाली बघतो. तोवर त्याच्या पुढच्या पायरीवर कुणी उरलेलं नसतं.

खोलीतल्या बाकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. सगळे हाताकडे बघत होते.

"ठीक आहे?" साहेबाने विचारलं.

"ठीक आहे," बायको म्हणाली. खांबाने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. तिने त्याखाली आपली सही केली, नेहमीसारखी वळणदार, आणि पेनाला टोपण लावून ते साहेबापुढे ठेवलं. मागितलं होतं तेवढं सगळं मंजूर झालं होतं. वकीलबाईंनी बाहेर आल्यावर खांबाचा डावा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला.

रस्त्यात बायको त्याच्या दोन पावलं पुढे चालत होती. रागावलेली दिसत नव्हती. घराशी आल्यावर ती जिना चढायला लागली, आणि मध्येच एका पायरीवर थांबली.

"इथेच ना?" पाठ न वळवता तिने विचारलं.

"आणखी एक वर."

ती एक पायरी चढली. तिथून तिने रस्त्याकडे बघितलं. समोर गाडी नव्हती. ती आता कधीच येणार नव्हती. "बरोब्बर दिसतं इथून," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मी जाते वर. तुम्ही थोडं थांबून या."

पैसे आले. हॉस्पिटलचं देणं फिटलं, मामांसाठी खालीवर होणारा पलंग आला, दिवसा एक बाई मदतीला ठेवली. बडबड्या फळं घेऊन आला, झालं गेलं विसरून गेला, आणि तासभर बोलत बसला. खांबाने त्याची माफी मागितली. घर बाहेरून बघणाऱ्याला सावरल्यासारखं दिसत होतं.

फक्त बायकोने आपलं अंथरूण बापाच्या खोलीत हलवलं. "रात्री पाणी लागतं त्यांना," ती म्हणाली. खांबाचा डबा, कपडे, औषधं, कशात काही कमी पडू दिलं नाही. बोलायचीही नीट. पण खांब त्या खोलीत गेला की ती हातातलं काम टाकून यायची आणि दारात उभी राहायची. तो बाहेर पडेपर्यंत जायची नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, सहज आली असेल.

तो डॉक्टरकडेही जाऊन आला. झोळी सोडून डॉक्टरांनी हात धरून वर न्यायचा प्रयत्न केला. हात छातीपर्यंत आला आणि गंजलेल्या बिजागरीसारखा अडला. "व्यायाम सोडलात ना?" डॉक्टर म्हणाले. "आता हा यापुढे जाणार नाही. मागेच ऐकलं असतंत तर." खांबाने विचारलं, "नक्की कधीपासून जाईनासा झाला असेल?" डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. "ते कसं सांगणार?" ते म्हणाले.

मामांना भेटायला येणाऱ्यांची रीघ असायची. जुनी गिऱ्हाइकं, गल्लीतले लोक. कुणीतरी कधीतरी जिन्याकडे बघत, खांबाकडे बघत, जरा आवाज दाबून विचारायचंच, "जावई होते ना बरोबर?" म्हातारा उशीवरून ठणकावून सांगायचा, "होते तर! पण हातच गेलेला त्यांचा. कशाने धरणार? काचा झेलल्यात त्या हाताने, दुसऱ्याचा जीव वाचवायला." प्रत्येकाला तेच, त्याच शब्दांत. खांब दाराआडून ऐकायचा आणि तिथून निघून जायचा.

मदतीची बाई आली नाही अशा एका सकाळी मामांची दाढी करायचं त्याने अंगावर घेतलं. डाव्या हाताची त्याला आता चांगली सवय झाली होती. उशीला टॉवेल लावला, गालांना साबण लावला, वस्तरा गरम पाण्यात बुडवला. मामांना वस्तऱ्याशिवाय दाढी चालत नसे. बायको स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली. हाताला पीठ तसंच होतं.

त्याने म्हाताऱ्याची हनुवटी मनगटाने हलकेच वर केली आणि गळ्यावरून वस्तरा वर ओढला. कातडं सैल, त्यात एक शीर उडत होती.

"जावईबापू," म्हातारा ओठ न हलवता म्हणाला.

"बोलू नका मामा, लागेल."

"पडताना माणसाला बरंच दिसतं हो. वेळ असतो भरपूर." त्याचा एक डोळा नेहमीसारखा बारीक झाला होता, पण त्यात थट्टा नव्हती. "मी तुमच्याकडेच बघत होतो. आणि तुम्ही समोर."

वस्तरा जागच्या जागी थांबला. खांबाने दाराकडे बघितलं नाही. बघायचं धैर्य नव्हतं. त्याला एवढंच जाणवत होतं की तिघंही एकच गोष्ट जाणून आहेत, आणि ती किती दिवस जाणून आहेत याचा हिशेब लावायची आता काही गरज नाही.

"मग तुम्ही लोकांना..."

"लोकांना काय करायचंय," म्हातारा म्हणाला. त्याने मान आणखी जराशी मागे टाकली, गळा पुरता उघडा केला आणि डोळे मिटले. "थांबू नका. साबण वाळतोय."

खांबाने दाढी करायला घेतली. पिठाच्या हातांनी ती शेवटपर्यंत दारात उभी होती.